वात, धूप आणि मेण : मुळशी परिसरातील विधिदीपांविषयी एक विचार

हाताने केलेल्या, वनस्पतींचे चूर्ण किंवा सुगंधी द्रव्य मिसळलेल्या आणि पूजाविधीसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या मेणबत्त्या आज शहरांतील बाजारांत सहज मिळतात. त्यांच्या वेष्टनांवर 'प्राचीन', 'पारंपरिक', 'लोकपरंपरेतील' अशी विशेषणे पुष्कळदा आढळतात. ही विशेषणे प्रमाण मानून एखादा अभ्यासक पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेस, मुळशी तालुक्याच्या खोऱ्यांत, अशा मेणबत्तीचे मूळ शोधावयास निघाला, तर त्यास काय आढळेल ? प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. उत्तर आरंभीच सांगावयाचे तर असे की, त्यास मेणबत्ती आढळणार नाही. परंतु तिचे तीन घटक, म्हणजे हाताने वळलेली वात, वनस्पतींचा धूप आणि मेण, हे तिन्ही आढळतील. मात्र ते एकत्र नव्हे, तर एकमेकांपासून काळजीपूर्वक वेगळे ठेविलेले आढळतील. हे वेगळेपण आकस्मिक नसून त्यास निश्चित कारणे आहेत. ती कारणे समजून घेतल्याखेरीज या प्रदेशातील दीपविधींचे स्वरूप नीट उलगडत नाही, असे आमचे म्हणणे आहे.

१. शब्दांची साक्ष

प्रथम शब्दांकडे पाहू. संस्कृत 'वर्ति' या शब्दापासून प्राकृतात 'वत्ति' आणि त्यापासून मराठीत 'वात' हा शब्द सिद्ध झाला. हिंदीतील 'बत्ती' हा शब्दही त्याच मूळाचा असून तो मराठीने पुढे उसना घेतला. म्हणजे 'वात' आणि 'बत्ती' ही एकाच मातेची दोन लेकरे होत. पण मराठीने त्यांची कामे वाटून दिली. समईत, निरांजनात, पणतीत जळते ती वात. मेणबत्ती, उदबत्ती, रॉकेलच्या कंदिलाची बत्ती या नावांत मात्र 'बत्ती' आली. जी वस्तू घरात हाताने तयार होते तिला घरचा शब्द आणि जी बहुधा बाजारातून आणावयाची तिला उसना शब्द, अशी ही वाटणी स्थूलमानाने दिसते.

'मेण' हा शब्द मात्र जुना आहे. मधमाश्यांचे मेण या अर्थी संस्कृतात 'मदन' हा शब्द असून त्याचे प्राकृत रूप 'मयण' आणि मराठी रूप 'मेण' होय. संस्कृतात मेणास 'मधूच्छिष्ट' आणि 'सिक्थक' अशीही नावे आहेत. मधूच्छिष्ट म्हणजे मध काढून घेतल्यावर जे उरते ते. तेव्हा मेण हा पदार्थ आपणास नवा नव्हता. नवा होता तो त्याचा दिव्यासाठी उपयोग. 'मेणबत्ती' या सामासिक शब्दात जुने मेण आणि उसनी बत्ती एकत्र आली आहेत, आणि या वस्तूचा इतिहास जणू तिच्या नावातच नोंदला गेला आहे.

'उदबत्ती' या शब्दाचेही असेच. 'ऊद' हा अरबी शब्द अगरूचा वाचक आहे. उदबत्ती जळते, परंतु ती प्रकाशासाठी नव्हे. तिला ज्योत नसते, असते ते निखाऱ्यासारखे टोक. मेणबत्ती प्रकाश देते, उदबत्ती गंध देते. एकाच 'वर्ति'पासून निघालेल्या या दोन वस्तूंनी आपापले प्रांत सोडले नाहीत, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी महत्त्वाची आहे.

२. ग्रंथांतील औषधी वर्ति

वनस्पती कुटून, त्यांचा लेप देऊन, हाताने घडविलेली आणि पेटविलेली 'वर्ति' आपल्या परंपरेत मुळीच नव्हती काय ? होती, आणि तिचे सविस्तर वर्णन चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात आले आहे. तेथे धूमपानाच्या प्रकरणात प्रियंगू, चंदन, अगरू, गुग्गुळ इत्यादी अनेक द्रव्ये सांगितली आहेत. त्यांचा कल्क एका पोकळ बोरूसारख्या काडीवर लेपावयाचा, तो अंगठ्याएवढा जाड व आठ अंगुळे लांब ठेवावयाचा, त्यास जवाच्या दाण्याप्रमाणे मध्ये फुगीर आकार द्यावयाचा, वाळल्यावर आतील काडी काढून घ्यावयाची आणि मग त्यास स्नेह चोपडून टोक पेटवावयाचे, असा तो विधी आहे. त्याच प्रकरणात 'स्नैहिक' धूमासाठी जी वर्ति सांगितली आहे, तिच्यात वसा, तूप आणि मधूच्छिष्ट यांची औषधींशी योजना केलेली आहे.

येथे मेण आहे, वनौषधी आहेत, हाताने केलेली वळी आहे आणि अग्नीही आहे. घाईने पाहणाऱ्यास ही वनौषधी मेणबत्तीच वाटेल. परंतु या वर्तीचे प्रयोजन प्रकाश नाही व देवपूजाही नाही. तिचा धूर नळीने ओढून कंठाचे व मस्तकाचे विकार दूर करावयाचे आहेत. ती वैद्याची वस्तू आहे, पुजाऱ्याची नव्हे. आकाराच्या सादृश्यावरून प्रयोजनाचे ऐक्य मानू नये, हा लोकसंस्कृतीच्या अभ्यासातील पहिला धडा येथे उपयोगी पडतो.

मेणाचा दुसरा मोठा उपयोग मूर्तिकारांचा. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास या बाराव्या शतकातील ग्रंथात मेणाची प्रतिमा घडवून, तिच्यावर मातीचा लेप देऊन, मेण वितळवून काढून त्या पोकळीत धातुरस ओतण्याची रीत वर्णिली आहे. येथे मेण अग्नीच्या सान्निध्यात येते, पण जळण्यासाठी नव्हे, तर निघून जाण्यासाठी. घरगुती व्यवहारातही मेणास मानाचे स्थान होते. कपाळावर कुंकू लावण्यापूर्वी मेणाचा बारीक टिपका लावून त्यावर कुंकू बसवावयाचे, ही रीत महाराष्ट्रातील स्त्रियांत सर्वत्र होती, आणि कुंकवाच्या करंड्याबरोबर मेणाची डबी असे. म्हणजे मराठी स्त्रीच्या आयुष्यात मेण विधीशी जोडलेले होते. मात्र ते दिव्यात नव्हते, कपाळावर होते.

३. प्रदेश आणि त्याची तेले

मुळशी तालुका पुणे शहराच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या धारेपर्यंत पसरला आहे. पौड हे तालुक्याचे ठिकाण. पूर्वेकडे हिंजवडीसारखी आता नगर बनलेली गावे आणि पश्चिमेकडे ताम्हिणी घाटाचा अतिवृष्टीचा मुलूख, असे त्याचे दोन टोकांचे स्वरूप आहे. मराठा शेतकऱ्यांबरोबरच धनगर, महादेव कोळी, कातकरी अशा समाजांची वस्ती या डोंगरपट्ट्यात आहे. देवाच्या नावाने राखलेल्या देवराया हे या भागाचे एक वैशिष्ट्य असून, माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनी १९७० नंतरच्या दशकात पश्चिम घाटातील देवरायांवर केलेल्या संशोधनामुळे त्यांकडे विद्वानांचे लक्ष वेधले गेले. मुळशी व मावळ भागातील स्त्रियांच्या जात्यावरील ओव्यांचे जे विस्तृत संकलन गी प्वातवँ व हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने झाले, त्यामुळे या प्रदेशातील स्त्रीजीवनाचा एक मोठा साधनसंग्रह अभ्यासकांस उपलब्ध झाला आहे.

अशा प्रदेशात दिव्याला लागणारा स्नेह कोठून येई ? देवापुढील दिव्यास तूप किंवा तिळाचे तेल हे सर्वमान्य. तूप गोठ्यातले. डोंगरउतारावरील वरकस जमिनीत नाचणी, वरी यांच्याबरोबर खुरासणी म्हणजे कारळे हे तेलबी होई. त्याचे तेल खाण्यास आणि दिव्यासही चाले. परंतु प्रकाशासाठी म्हणून विशेष उपयोगाचा वृक्ष करंज होय. ओढ्यांच्या आणि नद्यांच्या काठी तो आपोआप वाढतो. त्याच्या बियांचे तेल कडू व खाण्यास अयोग्य असते. करंजिन आदी द्रव्यांमुळे त्यास हा गुण येतो. या तेलास करंजेल म्हणतात. खरूज, नायटा यांवर ते लावीत आणि उरलेले दिव्यात जाळीत. जे खाता येत नाही ते जाळावे, ही यामागील साधी अर्थव्यवस्था होय. कोकणपट्टीत हेच काम उंडीचे तेल करी, ठाणे-नाशिककडील आदिवासी भागात मोहाच्या बियांचे, तर देशावर एरंडेलाचाही उपयोग होई.

येथे मेणबत्ती का झाली नाही याचे भौतिक कारण सापडते. मेणबत्ती उभी राहावयाची तर तिचा स्नेह उन्हाळ्यातही घट्ट राहिला पाहिजे. करंजेल, तिळाचे, कारळ्याचे व एरंडाचे तेल नेहमीच्या तापमानास पातळ असते. मोहाचे तेल थंडीत गोठते, पण उन्हाळ्यात वितळते. कोकमाच्या बियांचे तेल, ज्यास गोव्याकडे भिरंडेल म्हणतात, ते सुमारे ४० अंश सेल्सिअसला वितळते. चैत्र-वैशाखात तेही मऊ पडणार. प्राण्यांची चरबी घट्ट असते, परंतु देवापुढे ती वर्ज्य. राहिले मधमाश्यांचे मेण, ज्याचा द्रवणांक ६२ ते ६५ अंशांच्या आसपास आहे. ते या कामास सर्वथा योग्य होते, पण एका पोळ्यातून निघणारे मेण थोडे आणि त्यास सोनार, ओतारी, वैद्य व कुंकवाची डबी एवढी गिऱ्हाइके. पातळ तेल मुबलक आणि घट्ट मेण दुर्मीळ अशी स्थिती असता, स्नेह धरून ठेवणारे पात्र निर्माण होणे हेच स्वाभाविक होते. म्हणून येथे पणती झाली, समई झाली, बुधली झाली. मेणबत्ती झाली नाही.

एका अपवादात्मक वनस्पतीचा उल्लेख येथे केला पाहिजे. मोगली एरंड किंवा चंद्रज्योत हे झुडूप आता कुंपणाला सर्वत्र लावलेले दिसते. त्याच्या बियांत तेल इतके असते की, त्या सोलून काडीत एकापुढे एक ओवल्या आणि टोकाची बी पेटविली तर त्या क्रमाने जळत जातात. पात्र नको, वात नको, मेण नको. ही खरी वनस्पतीची मेणबत्ती. ही रीत उष्ण कटिबंधातील अनेक देशांत नोंदली गेली आहे. परंतु हे झुडूप मूळचे अमेरिका खंडातील असून ते पोर्तुगीजांच्या दळणवळणानंतर आशियात आले. तेव्हा 'चंद्रज्योत' हे संस्कृतप्रचुर नाव ऐकून त्याच्या उपयोगास पुराणकाळात नेऊन बसविणे योग्य होणार नाही.

४. हाताने वळलेले दीप

आता प्रत्यक्ष विधीतील हस्तनिर्मित वस्तूंकडे वळू. त्यांत पहिला मान वातीचा. परसात लावलेल्या देवकापसाच्या झाडाचा कापूस काढून, सरकी वेगळी करून, तो बोटांनी पिंजून, राखेचे किंवा दुधाचे बोट लावून वात वळावयाची, हे काम पिढ्यान् पिढ्या स्त्रियांचे. तुपासाठी खाली फुगीर व वर टोक असलेली फुलवात, तेलासाठी लांब वात, असा भेद पाळला जातो. चातुर्मासात लक्ष वातींचा नेम धरणाऱ्या स्त्रियांची परंपरा सुपरिचित आहे. यात आधी वाती मोजून वळावयाच्या असतात आणि मग त्या जाळावयाच्या असतात. म्हणजे वळणे हीच उपासना, जळणे ही तिची समाप्ती. एकाकी वृद्ध स्त्रियांना या वातींच्या विक्रीतून थोडा आधारही मिळे, ही तिची सामाजिक बाजू.

दुसरा प्रकार काकड्याचा. कापडाची घट्ट पिळलेली जाड वात तुपात किंवा तेलात भिजवून पेटविली की तो काकडा झाला. पहाटे देवास जागे करण्याच्या आरतीस यावरूनच काकड आरती म्हणतात. कोजागरी पौर्णिमेपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत गावोगावी चालणारा काकडा हा वारकरी संप्रदायाचा प्रसिद्ध नेम आहे. हातात धरून ओवाळण्याचा, स्वतःच्याच अंगाने जळणारा हा दीप मेणबत्तीस आकाराने सर्वांत जवळचा. फरक एवढाच की, मेणबत्तीत वात नाममात्र व स्नेह मुख्य, तर काकड्यात वातच मुख्य आणि स्नेह तिने पोटात घेतलेला.

तिसरा प्रकार दिवटी व पोत यांचा. खंडोबाच्या उपासनेत धातूच्या दांड्यावर चिंध्यांची वात बसवून केलेली दिवटी आणि तिला तेल पाजणारी बुधली ही जोडी देवघरात ठेविली जाते. तळी भरण्याच्या प्रसंगी व चंपाषष्ठीस ती पेटविली जाते. देवीच्या उपासनेत पोत असतो. कापडाचा पीळ देऊन केलेला हा पलिता भुत्ये व गोंधळी हातात घेऊन नाचवितात. या उपासकवर्गांचा परिचय मराठी वाचकांस करून देणारे डॉ. रा. चिं. ढेरे हे १९३० साली मुळशीच्या शेजारच्या मावळ तालुक्यात, आंदर मावळातील निगडे या गावी जन्मले, हे येथे स्मरणीय आहे. दिवटी आणि पोत या दोहोंत 'तेल पाजणे' ही क्रिया आहे. दीप येथे केवळ वस्तू राहत नाही. त्यास तहान लागते, तो पितो, असा भाव भाषेतच रुजला आहे.

चौथा प्रकार धान्याचे व वनस्पतीचे दिवे. आषाढी अमावास्येस, म्हणजे दिव्यांच्या अवसेस, घरातील सर्व दिवे घासून-पुसून पाटावर मांडतात आणि गूळ घातलेल्या कणकेचे दिवे उकडून त्यांचा नैवेद्य करतात. धनत्रयोदशीस यमासाठी दक्षिणेकडे तोंड करून लावावयाचा दिवाही कणकेचा करण्याची रीत आहे. कार्तिकात आवळा कोरून त्याच्या पोकळीत वात लावतात. नदीत सोडावयाचे दिवे पानांच्या द्रोणात ठेवतात. पुणे जिल्ह्याच्या मावळी भागात गुराखी मुले दिवाळीत लव्हाळ्याच्या काड्या विणून दिवटी तयार करीत आणि तिच्यात दिवा ठेवून गाई-गुरांस ओवाळीत. या सर्वांत वनस्पती आहे, हातांचे कौशल्य आहे, विधीही आहे. परंतु वनस्पती दिव्याच्या ज्योतीत नाही. ती दिव्याचे घर आहे. विधी संपला की ते घर खाऊन टाकावयाचे, पाण्यात सोडावयाचे किंवा मातीत मिळू द्यावयाचे. त्यातून कायम उरावे असे काही नाही.

५. धूप व धुरी

मग वनौषधी कोठे आहेत ? त्या निखाऱ्यावर आहेत. देवापुढे धुपाटण्यात निखारे घेऊन त्यावर धूप, ऊद, राळ, गुग्गुळ टाकतात. बाळंतिणीच्या खोलीत शेगडीवर ओवा, वावडिंग, बाळंतशेपा यांची धुरी देतात. डास-चिलटांचा त्रास वाढला की गोठ्यात कडुनिंबाचा पाला धुमसत ठेवतात. या तीन प्रसंगांत देवपूजा, सूतिकाशुश्रूषा आणि पशुपालन अशी तीन क्षेत्रे असली तरी तंत्र एकच आहे : वनस्पती ज्योतीत जाळावयाची नाही, निखाऱ्याच्या मंद उष्णतेवर धुमसवावयाची.

हे तंत्र अनुभवाने सिद्ध झालेले आणि रसायनदृष्ट्या अचूक आहे. वनस्पतीतील सुगंधी द्रव्ये ही बाष्पनशील तेले असतात. निखाऱ्यावर ती जळण्यापूर्वी वाफ होऊन हवेत मिसळतात, म्हणून गंध दरवळतो. तीच द्रव्ये प्रत्यक्ष ज्योतीत गेली तर जळून नाहीशी होतात. शिवाय वातीचे कार्य केशाकर्षणावर चालते. तंतूंच्या सूक्ष्म फटींतून स्नेह वर चढतो आणि ज्योतीपाशी त्याची वाफ होऊन ती जळते. या फटींत चूर्णाचे कण अडकले म्हणजे वात कोंडते, काजळी धरते व दिवा मालवतो. मेणबत्तीत मिसळलेला गंध जेव्हा येतो तेव्हा तो ज्योतीतून नव्हे, तर ज्योतीभोवती साचलेल्या वितळलेल्या मेणाच्या पृष्ठभागावरून येतो; आणि वरून चिकटविलेली वाळलेली पाने-फुले ज्योतीपाशी पोचली की स्वतःच पेट घेण्याचा धोका असतो. आपल्या स्त्रियांनी दिव्याचे तेल स्वच्छ राखले आणि धूप वेगळ्या पात्रात ठेविला, त्यामागे ही व्यवहारदृष्टी होती.

वेगळे ठेवण्याच्या या दृष्टीस विधिनियमांनी दुजोरा दिला. तुपाचा दिवा देवाच्या उजव्या हातास, तेलाचा डाव्या हातास. एकाच दिव्यात तूप व तेल मिसळू नये. एका दिव्याने दुसरा दिवा लावू नये. दिवा फुंकरीने विझवू नये, तो मालवावा किंवा त्यास निरोप द्यावा. असे संकेत महाराष्ट्रातील घराघरांत सांगितले जातात. त्या सर्वांचा रोख एकच आहे. प्रत्येक द्रव्याचे स्थान ठरलेले आहे आणि संकर टाळावयाचा आहे. तेव्हा प्रकाश, गंध व औषध यांना एकाच वळीत एकत्र आणणारी वस्तू ही या परंपरेचा विस्तार नसून तिच्या मूलतत्त्वाविरुद्ध जाणारी रचना आहे, असे म्हणणे भाग पडते.

६. मेणबत्तीचे आगमन

याचा अर्थ महाराष्ट्रात विधीची मेणबत्ती नाहीच असा नव्हे. ख्रिस्ती उपासनेत तिचे स्थान जुने आहे. मुंबईतील वांद्रे येथील माउंट मेरीच्या जत्रेत, जी ८ सप्टेंबरच्या सुमारास भरते, मेणाचे हात, पाय, बाळ, घर अशा आकृत्या नवसासाठी विकत मिळतात आणि सर्व धर्मांचे लोक त्या वाहतात. जो अवयव दुखतो त्याची आकृती वाहावयाची, हा त्यामागील संकेत. येथे मेणाचा गुण कोणता उपयोगी पडला हे पाहण्यासारखे आहे. तो जळण्याचा नव्हे, तर कोणताही आकार घेण्याचा गुण होय. मानसोल्लासातील मूर्तिकाराने हेरलेला तोच. ही जिवंत व जुनी परंपरा आहे, पण तीतही औषधी वनस्पतींचा संबंध नाही.

सर्वसामान्य घरांत मेणबत्ती आली ती मेणाची नव्हेच. एकोणिसाव्या शतकात युरोपात प्रथम स्टिअरिक आम्लाच्या आणि नंतर खनिज तेलापासून काढलेल्या पॅराफिनच्या मेणबत्त्या होऊ लागल्या; त्या स्वस्त होत्या व उष्ण हवेतही बऱ्यापैकी उभ्या राहत. त्याच शतकाच्या उत्तरार्धापासून रॉकेल गावोगाव पोचू लागले आणि करंजेलाच्या दिव्याची जागा चिमणीने व कंदिलाने घेतली. देवापुढील दिवा मात्र बदलला नाही. प्रकाश देण्याचे काम रॉकेलने, मग विजेने उचलले. विधीचे काम वातीकडेच राहिले. मेणबत्ती वीज गेल्यावर शोधावयाची वस्तू म्हणून फडताळात पडून राहिली.

मुळशीच्या बाबतीत या स्थित्यंतरास एक कठोर किनार आहे. टाटांच्या जलविद्युत् योजनेसाठी मुळा व निळा नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधण्याचे काम सुरू झाले, तेव्हा जमिनी जाणाऱ्या शेतकऱ्यांनी १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापट व त्यांच्या सहकाऱ्यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला. तो यशस्वी झाला नाही. धरणाचे पाणी घाटाखाली भिरा येथील वीजकेंद्रात नेण्यात आले आणि १९२७ पासून तेथील वीज मुंबईकडे जाऊ लागली. खोऱ्यातील सर्वांत सुपीक जमीन नदीकाठची, आणि करंजाचे नैसर्गिक स्थानही नदीकाठच. मुंबईच्या गिरण्यांत दिवे लागावेत म्हणून जे खोरे बुडाले, त्या खोऱ्यातील वस्त्या स्वतः मात्र पुढे दीर्घकाळ तेला-रॉकेलाच्या दिव्यांवरच होत्या. दिव्यांचा इतिहास लिहिणाऱ्याने ही विषम वाटणी नजरेआड करता कामा नये.

७. अभ्यासकांसाठी

एवढे विवेचन कशासाठी, असा प्रश्न साहजिक आहे. हाताने मेणबत्त्या करून विकणे हा प्रामाणिक उद्योग आहे; अनेक महिला बचत गटांस त्याने उत्पन्न मिळते, आणि त्यास कोणाचा आक्षेप असण्याचे कारण नाही. नवी वस्तू नव्या नावाने विकली जावी, इतकेच म्हणणे आहे. परंतु त्या वस्तूस 'लोकपरंपरा' हे नाव मिळाले आणि ते संशोधनाच्या नोंदीत शिरले, म्हणजे दोन प्रकारचे नुकसान होते. एक, जे कधी नव्हते ते होते असे कायमचे नोंदले जाते. दुसरे व अधिक गंभीर, जे खरोखर होते त्याविषयी प्रश्नच विचारला जात नाही. "तुमच्याकडे औषधी मेणबत्त्या करीत का ?" असे विचारल्यास सौजन्याने 'हो' म्हणणारा निवेदक भेटेल, "देवाच्या दिव्यात कोणते तेल घालीत व कोणते घालीत नसत?" असे विचारल्यास माहिती मिळेल.

म्हणून या परिसरात क्षेत्रकार्य करणाऱ्या विद्यार्थ्यांनी पुढील गोष्टी स्वतंत्रपणे नोंदवाव्यात, असे सुचवावेसे वाटते. वात कोणत्या तंतूची, कोणी वळली आणि कोणत्या दिवशी वळावयाची नाही. स्नेह कोणता, तो घरचा की घाण्यावरचा, तो खाण्यात होता की नाही. आधार कशाचा आणि विधीनंतर त्याचे काय केले. धूप कशाचा व तो दिव्याशेजारी ठेवीत की दुसऱ्या वेळी फिरवीत. दिवा लावताना, तेल घालताना आणि मालविताना कोणते शब्द वापरीत. या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर घराघराने, जातीजातीने व खोऱ्याखोऱ्याने वेगळे येण्याचा संभव आहे, आणि तो भेद हीच खरी सामग्री होय. वनस्पतींची नावे निवेदकाने सांगितली तशीच लिहावीत आणि फांदीचा नमुना वनस्पतिशास्त्रज्ञाकडून ओळखून घ्यावा. कारण एकच नाव दोन खोऱ्यांत दोन झाडांना असू शकते. देवराईतून नमुना घेताना गावाची अनुमती आवश्यक आहे, हे वेगळे सांगावयास नको.

करंजेलाचा दिवा प्रत्यक्ष पाहिलेली पिढी आता फार थोडी उरली आहे. वात मात्र अजून वळली जाते, काकडा अजून निघतो, दिवटी अजून देवघरात आहे. ज्योत, धूप व मेण या तीन वस्तूंना आपल्या पूर्वजांनी तीन ठिकाणी का ठेविले, हे त्यांच्याच शब्दांत विचारून घेण्याचा अवधी अजून आहे; तो फार मोठा मात्र नाही.